तिसऱ्यांदा निघालेलं सॉकेट

"आली परत. हिचं नि या गाडीचं लग्नच लावून द्या एकदाचं."

सून हे सासूच्या कानात म्हणाली, पण गाडीच्या उघड्या दाराशी उभी राहून. आत वायरवाली स्टिअरिंगखाली डोकं घालून उताणी पडलेली होती. तिचे फक्त पाय बाहेर होते. कान आतच होते, आणि शाबूत होते.

रिमोट स्टार्टर तिनंच बसवलेला. घरातून बटण दाबायचं, अंगणात गाडी चालू. माणूस बाहेर येईतो आतली हवा गार. चोराची भीती नको म्हणून किल्लीची वायरही तिनं स्टार्टरच्याच डब्यातून फिरवली होती. त्यामुळे डबा रुसला की किल्लीनंही गाडी ढिम्म हलत नसे. आणि पंधरा दिवसांत डबा तिसऱ्यांदा रुसला होता.

"झालं का?" सुनेच्या सासऱ्यांनी, अण्णांनी, बॉनेटवर थाप मारली. "टेलिफोन खात्यात तीस वर्षं वायरी जोडल्या मी. एक जोड सुटला नाही. तुझं हे खेळणं आठवडा काढत नाही."

"बघतेय, अण्णा."

"काय बघतेस? रोज मी सोडायचो ती माझी नात शेजाऱ्यांच्या गाडीत कोंबून शाळेत जाते. दारात गाडी असताना! घरी बसून स्वेटर विणायचे सोडून वायरी विणायला निघाल्या."

वायरवालीला सकाळीच मालकानं सांगितलं होतं, "आज त्या म्हाताऱ्याचा फोन आला, तर उद्यापासून दुकानात दिसू नकोस." या वयात, या कामाला, बाईमाणसाला दुसरं दुकान दारातही उभं करणार नव्हतं. घरात कमावणारी ती एकटीच.

तिनं बॅटरी तपासली. ठणठणीत. फ्यूज तपासले. बॉनेट उघडं आहे असं वाटलं तर डबा गाडी चालू करत नाही, म्हणून तिथलं बटणही तपासलं. तेही ठीक. मग डब्याच्या मागे हात घातला.

डब्यात वायरी खोचायचं सॉकेट लोंबत होतं.

पहिल्या खेपेला तिला वाटलं होतं, आपणच नीट दाबलं नसेल. दुसऱ्या खेपेला तिनं कुलूपवालं सॉकेट बसवलं. ते दोन्ही बाजूंनी चिमटीत दाबून ओढल्याशिवाय निघत नाही. खड्ड्यांनी नाही, धक्क्यांनी नाही.

ती उठून बाहेर आली. पुढच्या बंपरला हातभर ओरखडा होता. मागल्या खेपेला नव्हता की तिनं पाहिला नव्हता, कोण जाणे.

"हे कुठं घासलं?"

"फाटक अरुंद आहे," अण्णांचा मुलगा म्हणाला.

"फाटकाची कडी सैल होती," सून त्याच क्षणी म्हणाली.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्या फाटकातून ही गाडी बारा वर्षं ये-जा करत होती.

"अहो, पायरी," सासूबाई अण्णांना हळूच म्हणाल्या.

"माहीत आहे मला!" अण्णा खेकसले, आणि पाणी प्यायला आत गेले.

तेवढ्यात मुलगा वायरवालीजवळ सरकला. "ताई, दुरुस्तीची घाई करू नका. पार्ट मागवलाय म्हणा. महिना लागेल म्हणा."

"का?"

"तसंच," तो म्हणाला, आणि चपलेनं फरशीवरचा नसलेला खडा ढकलू लागला.

वायरवालीला लख्ख उलगडा झाला. याला बापासमोर 'आता गाडी चालवू नका' एवढं एक वाक्य बोलायचं धाडस नाही, म्हणून हा चोरून सॉकेट काढतो. आणि त्या वाक्यापायी उपाशी कुणी राहायचं, तर तिनं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

अण्णा बाहेर आले तशी ती म्हणाली, "यंत्र चांगलं आहे. सॉकेट कुणीतरी हातानं काढतंय."

"कुणीतरी म्हणजे?"

"घरातलंच माणूस. तिथं नजर पोचत नाही, बोटांनी चाचपून काढावं लागतं. आपोआप निघणारं नाही ते."

"बघा, आमच्यावरच आळ!" सून उसळली. "स्वतःला येत नाही, आणि लोकांना चोर ठरवते."

"ताई, तोंड सांभाळून," मुलगा म्हणाला. त्याचा आवाज चढला, पण नजर चपलेवरून हलली नाही.

सासूबाई अण्णांकडे बघत होत्या.

"फोन लाव हिच्या दुकानाला," अण्णांनी खिशातला फोन सुनेपुढे धरला. "आवाज मोठा ठेव. सगळ्यांना ऐकू दे."

मालकानं अण्णांचं पूर्ण ऐकूनही घेतलं नाही. "माफ करा साहेब, माफ करा. तिसरी तक्रार म्हणजे अतीच झालं. बाई, ऐकतेयस ना? दुकानाची हत्यारं तिथंच ठेव, माणूस पाठवून मागवतो. तू उद्यापासून येऊ नकोस."

वायरवालीनं पक्कड ठेवली, टेस्टर ठेवला, पेचकस ओळीनं मांडले. पिशवीत तिचा स्वतःचा जेवणाचा डबा आणि पाण्याची बाटली तेवढी उरली. तिनं एकदा मुलाकडे पाहिलं. आता बोल, मेल्या. मुलानं बायकोकडे पाहिलं, बायकोनं सासूकडे. तीन तोंडं, आणि तिन्ही शिवलेली.

ती फाटकाकडे वळली.

"थांब," अण्णा म्हणाले.

फोन अजून त्यांच्या हातात होता. तो त्यांनी तोंडाजवळ नेला. इतका वेळ गल्लीभर घुमणारा त्यांचा आवाज घोगरा होऊन आला.

"तिला काढू नका. तिचं काम चोख आहे. सॉकेट मी काढतो. तिन्ही वेळा मीच काढलं." मग ते फोनशी बोलत होते की घरातल्यांशी, कुणालाच कळलं नाही. "नातीला गाडीत बसवायची भीती वाटते मला. मला समोरचं दिसत नाही हो."