आडावरचा दोर

लातूर जिल्हा झाला त्याच्या पुढच्याच वर्षी औशातले आड आटले. चित्रकलेचे मास्तर विरूपाक्ष दर सोमवारी नवं माध्यम वापरून बघायचे. फरक कळावा म्हणून चित्र मात्र एकच काढायचे, परसातल्या कोरड्या आडाचं.

जलरंगाच्या चित्रात आडावर दोर आला. खरा दोर तर दिवाळीतच सोडून माळ्यावर टाकलेला. हाताची सवय, म्हणून मास्तर हसले.

“प्यायला पाणी न्हाई, आन् तुम्ही ब्रश धुवायलात!” बायको जगदेवी करवादली.

मग त्यांनी तैलरंग घेतले. दोर पुन्हा आला, ताणलेला.

या सोमवारी त्यांनी देवघरातली विभूतीची वडीच उचलली आणि काळ्या कागदावर आड काढला. पाण्याचा थेंब नाही. दोर मुद्दाम काढला नाही.

जेवून येईस्तोवर कागद खालून ओला झाला होता. ताणलेला दोर पांढराफेक उमटला होता.

“अवो,” परसातून जगदेवीनं हाक मारली, “आडाला दोर तुम्ही बांधला का? ओढायलेय मी, पर लई जड हाय. हात लावा की!”

मास्तरांनी कागदाकडं पाहिलं. आडाच्या काठावर आतून चार बोटं आली होती.

कागद टाकून ते परसाकडं धावले.

“ऱ्हाऊ द्या,” जगदेवी म्हणाली. “आलं वर.”