पिंजऱ्यातला मिक्सर

मिक्सर पिंजऱ्यात टाकून चारुदत्तने हात झटकले, आणि त्याच क्षणी खिशातला फोन वाजला. शनिवार, सकाळचे अकरा. म्हणजे आई.

पिंजरा जाळीचा, कमरेएवढा उंच, जर्मनीतल्या झिंडेलफिंगेनच्या व्हेर्टस्टोफहोफमधला, म्हणजे भंगार जमा करायच्या आवारातला. गावातली माणसं मोडकं सामान इथे स्वतःच्या गाडीतून आणतात, वायरी नीट गुंडाळतात, ज्याच्या त्याच्या डब्यात टाकतात आणि निघताना एकमेकांना शुभ शनिवार-रविवार चिंततात. मिक्सर टोस्टरांच्या आणि हेअर ड्रायरच्या ढिगावर आडवा पडला होता. भांडं शेजारी.

"चटणी केलीस का रे?" आईने विचारलं.

मिरजेचं घर बंद करून आई चारुदत्तच्या बहिणीकडे, शुभाकडे, पुण्याला राहायला गेली, त्याला आठ वर्षं झाली. फ्रिज भंगारवाल्याने नेला, कपाट चुलतभावाने, कुकर कामवालीने. मिक्सर तेवढा चारुदत्तने स्वेटरात गुंडाळून इकडे आणला. आईच्या संसारातली अजून चालणारी अशी ती एकच वस्तू उरली होती. दर शनिवारी आई त्या मिक्सरची चौकशी करायची. नातवंडांच्या आधी.

"आई, मिक्सर गेला."

पलीकडे आईने खटकन पंखा बंद केला.

"गेला म्हणजे?"

"मोटर जळली. सकाळी वाटता वाटता बंद पडला."

"जळका वास आला?"

"नाही."

"मग कसली जळली? खोबरं कोंबलं असशील. उलटा करून लाल बटण दाबलंस?"

"कुठलं लाल बटण?"

"अरे, बुडाशी असतं. भार जास्त झाला की तो रुसतो. जरा गार होऊ द्यायचा, उलटा करायचा, दाबायचं. सदतीस वर्षं दाबलं मी. तिकडे शिकलास तरी काय तू?"

चारुदत्त एकवीस वर्षं इथल्या मोटारींच्या कारखान्यात गाड्यांचे आवाज तपासत होता. दार लागतानाचा आवाज महाग वाटतो की स्वस्त, हे तो डोळे मिटून सांगे आणि त्याबद्दल त्याला पगार मिळे. सकाळी त्याने मिक्सरला कान लावून मोटर गेल्याचं जाहीर केलं. निदान तज्ज्ञाचं, त्यामुळे त्याच्या बायकोने, साधनाने, कपाटावरचं नव्या यंत्राचं खोकं लगेच खाली काढलं. ते यंत्र काय शिजवावं हेही सुचवतं. जर्मनमधून. मिक्सर उलटा करून बघावा असं दोघांच्याही मनात आलं नाही. मिरजेला तो आईच उलटा करायची. हा स्वयंपाकघरात जायचा तो भांड्याला चिकटलेलं पुरण बोटाने काढून खायला.

फोन स्पीकरवर टाकून त्याने खिशात ठेवला आणि पिंजऱ्यात हात घातला.

"हाल्ट!"

आवारावर देखरेख करणारे, नारिंगी जॅकेटमधले हेर क्रेमर आले आणि त्यांनी बोटाने पाटी दाखवली. आत पडलं की ते सरकारजमा. बाहेर काढणं म्हणजे चोरी.

"गेनाऊ, अगदी बरोबर," चारुदत्त सवयीने म्हणाला. नव्याने आलेल्या मराठी मंडळींना हाच नियम तो दर गणपतीला, जेवणाच्या रांगेत, स्वतःहून समजावून सांगे. "पण काढायचा नाहीये. एक बटण फक्त दाबायचंय. आईचा आहे."

हेर क्रेमरनी पाटी पुन्हा वाचली. सगळी, खालच्या बारीक अक्षरांसकट.

"काढायला बंदी आहे," ते म्हणाले. "दाबण्याबद्दल काही लिहिलेलं नाही."

चारुदत्तने वाकून मिक्सर आतल्या आत उलटा केला. बुडावर तेलकट धूळ, तिच्यात जुनी हळद, आणि मधोमध ते बटण. कधीकाळी लाल असावं. बोट टेकून टेकून गुळगुळीत झालेलं. त्याने दाबलं. टक्.

"झालं का?" खिशातून आई.

"चालतो का आता?" हेर क्रेमर.

"लावून बघायला हवं."

"आल्झो, असं बघा." हेर क्रेमरनी हाताची घडी घातली. "चालत असेल, तर ते भंगार नाही. भंगार नसेल, तर ते चुकीच्या डब्यात पडलंय. चुकीच्या डब्यात पडलेली वस्तू टाकणाऱ्याने स्वतः उचलून न्यायची, असं सातव्या कलमात आहे. पण आधी सिद्ध करा. आतल्या आत."

ते केबिनमध्ये गेले, स्वतःच्या कॉफीचं मशीन बंद करून तिथून वायरचं रीळ ओढत घेऊन आले. मागे तीन गाड्या खोळंबल्या होत्या. हॉर्न कुणी वाजवला नाही. मेलेला टेबल लॅम्प घेऊन आलेली एक म्हातारी मात्र बघायला जवळ येऊन उभी राहिली.

चारुदत्तने दोन टोस्टरांवर मिक्सर सरळ बसवला. वायर रिळाला जोडली, भांडं फिरवून अडकवलं, झाकणावर तळहात दाबला आणि कळ एकवर आणली.

मिक्सर गरजला. त्याच्यामागोमाग अख्खा पिंजरा थरथरायला लागला, टोस्टर वाजायला लागले, एक हेअर ड्रायर ढिगावरून घसरत खाली गेला. असला आवाज चारुदत्तने कारखान्यात कुणाचा पास केला नसता. त्याने कळ दोनवर नेली.

हेर क्रेमरनी कान झाकले आणि मान डोलावली. "चुकीचा डबा!" ते ओरडले. "घेऊन जा!"

म्हातारी आपल्या टेबल लॅम्पचं बूड निरखायला लागली.

"आई!" मिक्सर चालूच ठेवून चारुदत्तने खिशातला फोन तोंडापाशी नेला. "चालू झाला! ऐकलंस का?"

"अं? काय म्हणतोस चारू?" पुण्याहून आईचा चढा आवाज आला. "थांब, इथे मिक्सर चालू राहिलाय वाटतं, काही ऐकू येत नाहीये. बंद करते हं."