वाजलं की उठायचं

दुपारचा एक वाजून दहा मिनिटं झाली आणि मैथिलीच्या स्क्रीनवरचे आकडे एकदम पळायला लागले.

या वेळी ते जागच्या जागी असायला हवे होते. उन्हाळ्यात साडेबारा ते तीन उघड्यावरचं काम कायद्यानेच बंद, आणि यंदाची ती बंदी आजपासूनच लागू झाली होती. शारजाच्या औद्योगिक भागातल्या त्या यार्डातले दोनशे कामगार आत्ता शेडखाली आडवे झालेले असणार. गेल्याच आठवड्यात मैथिलीने स्वतः तिथे जाऊन एकेकाच्या मनगटावर कंपनीचा फिटनेस बँड बांधला होता. सगळ्यांची मिळून दोन कोटी पावलं भरली की कंपनी त्यांना थंड पाण्याची मशीनं देणार होती. पाणी द्यायचं, पण चालवून द्यायचं. समाजसेवेलाही हल्ली टार्गेट लागतं.

"वॉव, ब्रेकमध्येसुद्धा चालतायत!" मागून तिचा बॉस सुजीत म्हणाला. "आज टार्गेट क्लोज होतंय बघ. यल्ला, चल, प्रेसनोट काढून ठेव."

"सर, बाहेर सत्तेचाळीस डिग्री आहे."

"अगं, त्यांना सवय असते." आणि तो कॉफी आणायला गेला.

मैथिलीला बसवेना. एकशेसतरा नंबरच्या बँडवर हृदयाचे ठोके एकशेबासष्ट दिसत होते. तो मुरलीधर. नांदेडकडचा, पन्नाशी उलटलेला. बँड बांधून घेताना हसून म्हणाला होता, "ताई, गावाकडं शेळ्यांमागं लई चाललो, कुणी मोजलं न्हाई. मला वाचता येत न्हाई बगा. पर वाजलं की कळंल."

तिने फोरमन मुनीरला फोन लावला.

"मुनीरभाई, ये लोग धूप में क्यूं घूम रहे हैं?"

"पट्टा बजा ना मॅडम, तो सब उठ गए. आपने ही समझाया था, बजेगा तो उठके चलना है."

मैथिलीने बँडची सेटिंग उघडली. अर्धा तास माणूस हलला नाही की बँड थरथरून वाजतो. ही सोय दुबईत जुमेरा लेक टॉवर्समधल्या त्यांच्या ऑफिसातल्या गुबगुबीत खुर्च्यांसाठी होती. यार्डासाठी ती बंद करायला मैथिली विसरली होती. विसरली कसली, तिच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. उलट तिथे उभी राहून तिनेच मोडक्यातोडक्या हिंदीत ती शिकवली होती आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

"बिठाओ सबको! अभी के अभी! एकसो सत्रह को पहले!"

"जी मॅडम." मुनीर फोन हातात धरूनच पळाला. त्याच्या हाका तिला ऐकू येत होत्या. तिने घाईघाईने ती सोय बंद केली आणि स्क्रीनवर डोळे लावून उभी राहिली.

एकेक आकडा थांबत गेला. सर्वांत शेवटी एकशेसतरा थांबला.

"बैठ गया मॅडम. पानी पी रहा है. खलास, टेन्शन मत लो."

तिला रडूच यायचं बाकी होतं. पण हाताला चैन पडेना. कुणी पुन्हा उठलं तर? मुनीर कुणाकुणाकडे बघणार? काम पक्कं करून टाकावं म्हणून तिने कीबोर्ड ओढला. 'आराम करो. तीन बजे तक बैठे रहो.' आणि एका बटणासरशी तो निरोप दोनशे बँडवर पाठवून दिला.

क्षणभर काहीच झालं नाही. मग आकडे हलले. एक, दहा, बघता बघता सगळेच.

"मॅडम!" मुनीर ओरडला. "सब बैठ गए थे, फिर क्यूं बजाया?"

त्याच्या मागून धापा टाकणारा एक आवाज आला, "उठा रे, उठा! ताईंचं वाजलं!"