गुळगुळीत काठी

जुन्या काठीवर चार खाचा होत्या. त्यांतली तिसरी इतरांपेक्षा नखभर खोल होती आणि तिच्या खालच्या कडेला लाकडाचं एक कुसळ वर आलं होतं. गोळीमावशीच्या अंगठ्याला ते पाठ होतं. माणूस काठीला पाठ लावून उभं राहिलं की एक हात त्याच्या डोक्यावर सपाट ठेवायचा, दुसऱ्या हाताचा अंगठा काठीवरून फिरवायचा आणि सांगायचं, दोन गोळ्या, नाहीतर तीन. जितकी उंची, तितक्या गोळ्या. नदीवरच्या माशा चावून अंगात जंत होतात आणि ते शेवटी डोळ्यांवर येतात, त्यावरच्या या गोळ्या.

यंदा दवाखान्यातून नवी काठी आली. गुळगुळीत. खाचांच्या जागी रंगाचे पट्टे.

शाळेच्या व्हरांड्यात रांग लागली होती. कुंभाराची मुलगी काठीला टेकून उभी राहिली. मावशीचा अंगठा खालून वर गेला, वरून खाली आला. त्याला काहीच लागलं नाही. डोळ्यांसमोर पांढरं धुकं होतं. गेली दोन वर्षं ते थोडं थोडं दाट होत होतं.

"तीन," तिने अंदाजाने सांगितलं.

"तीन?" मुलीची आई म्हणाली. "अहो मावशी, गेल्या साली एक दिली होतीत. वर्षात एवढी ताडमाड वाढली की काय माझी पोर?"

रांग हसली. शेजारी वही घेऊन बसलेली सून हळूच म्हणाली, "आई, दोन. तिसऱ्या पट्ट्याला अजून वीतभर कमी आहे."

तिच्या आवाजात आश्चर्य नव्हतं. म्हणजे हिला ठाऊक होतं. मावशीच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"हसता काय रे तिला?" बाकावर बसलेला नावाडी म्हणाला. त्याचे दोन्ही डोळे गेले होते. "मी मोठा शहाणा. खाज सुटते म्हणून गोळीपासून तोंड फिरवलं. आता नाव भाऊ चालवतो आणि मी नुसत्या सूचना देतो, त्याही तो ऐकत नाही. हिचं बघा. दरवर्षी आधी स्वतः गिळते, मग दुसऱ्याला देते. हिच्याकडे बघून तर सगळी वस्ती घ्यायला लागली." मग तो थांबला. "मावशे, पण आज तुझी पहिली राहिलीच की गं. नव्या काठीच्या नादात विसरलीस."

सुनेने चार गोळ्या मावशीच्या तळहातावर ठेवल्या, पाण्याचा पेला पुढे केला. मावशीच्या डाव्या मुठीत रुमाल आपोआप आला.

पहिल्या वर्षी गोळ्या घेतल्यावर तिचं तोंड सुजलं होतं. तीन दिवस ती दार लावून बसली. हे बघून लोक घाबरतील, असं तिने स्वतःला सांगितलं होतं. घाबरली होती ती. पुढच्या वर्षापासून गोळ्या जिभेखाली राहिल्या, घशाखाली नुसतं पाणी गेलं, आणि तोंड पुसता पुसता गोळ्या रुमालात आल्या. वहीत तिच्या नावापुढे मात्र सगळ्या वर्षांच्या खुणा होत्या, एकही न चुकता.

रांग वाट बघत होती. नावाड्याने चेहरा तिच्याकडे वळवला होता, पण तो तिच्या थोडा डावीकडे गेला होता.

मावशीने रुमाल उघडून वहीवर ठेवला. चारही गोळ्या एकदम तोंडात टाकल्या, पेलाभर पाणी प्यायली आणि सुनेपुढे तोंड उघडून जीभ वर केली. लहान मुलांना ती करायला लावायची, तशी.

"दादा," ती म्हणाली, "तुम्ही तोंड फिरवलंत ते चारचौघांत. मी रुमालात थुंकत आले." तिने नवी काठी चाचपडत सुनेच्या हातात दिली. "माझ्या नावापुढच्या खुणा खोड. पहिली राहू दे, तेवढी खरी आहे. आणि उद्यापासून काठी तू धर. मला दिसत नाही."