बिनलग्नाची अट

सिगारेटचा धूर सरळ वर गेला, तशी लेफ्टनंट ऑब्री केस्टनने टोपी उलटी फिरवली आणि तो विमानात चढला. वारा पडला होता. कुंपणापाशी हेस्टर पॅलंट चहाची टोपली घेऊन बसली होती आणि नेहमीप्रमाणे तिचा जीव टांगणीला लागला होता.

इंग्लंडातल्या शेपी बेटावरच्या त्या माळावर सगळे तिला केस्टनची मावसबहीण समजत. विमान शिकायचं तर अधिकारी बिनलग्नाचा हवा, अशी नौदलाची अट होती. हिशेब सरळ होता: गडी पडला तर मागे रडायला बायको नको. ऑब्रीने अर्ज केला तो हेस्टरशी लग्न ठरल्यावर लगेच. थोडं थांब, तोवर कोणाला कळू देऊ नकोस, म्हणाला होता. ती थांबली. दोन वर्षं झाली. पाठच्या बहिणीला मूल झालं, आईने विचारायचं सोडलं, आणि हेस्टर शनिवारी शनिवारी येऊन, मावसबहिणीसारखे गालावर ओठ टेकवून परत जात राहिली. त्याच्या खांद्यावर डोकं टेकायची तिला इतकी ओढ लागे, की परतीच्या गाडीत ती खिडकीच्या काचेला डोकं टेकून बसे.

आज शेजारी एक नवी बाई येऊन बसली. लव्हिनिया टॅरंट, हसरी आणि भारी बडबडी. तिचे यजमान नव्या तुकडीत शिकायला आले होते. 'यजमान' म्हटल्याबरोबर हेस्टरच्या हातातला कप तिथेच थांबला. मग त्या बिनलग्नाच्या अटीचं काय, तिने विचारलं.

"ती होय? अहो, ती थंडीतच उठली," केकचा तुकडा पुढे करत टॅरंटबाई म्हणाल्या. "तुमच्या भावाला ठाऊक असेल की. आता त्यालाही एखादी गाठून द्या."

हेस्टरने केक घेतला. खाल्लाही.

विमान माळावर दोन घिरट्या घालून धडपडत उतरलं. ऑब्री चालत आला, तोंडभर एंजिनात वंगणाला घालतात त्या एरंडेलाचे शिंतोडे आणि चेहरा सणासुदीच्या पोरासारखा. हेस्टर त्याला विमानाच्या छपरीमागे घेऊन गेली. अट उठल्याचं कधीपासून माहीत आहे, तिने विचारलं. तो खोटं बोलला नाही. उठली त्या दिवसापासून, म्हणाला.

तिला आधी संताप आला आणि मग लाज वाटली. इतके दिवस ती उगाच नौदलाला शिव्या देत होती. दुसरी कोणी आहे का, तिने विचारलं. त्याने नकारार्थी मान हलवली आणि हातमोजे काढले.

"अट उठल्यावर लग्न झालेला पहिला इथे आला तो विल्मॉट," तो म्हणाला. "पडला. त्याच्या बायकोला कळवायला मलाच पाठवलं. दार उघडताना ती हसत होती गं. तुझ्या दारात असं कोणी यायला नको. बायको नसलीस तर तू मोकळी आहेस."

 इतक्या उंचावरून सगळं बघणाऱ्या माणसाला एवढंही दिसू नये, याचं हेस्टरला रडू येत होतं. पलीकडे खलाशी विमान ढकलत आणत होते. त्यांच्यादेखत तिने रुमाल काढला आणि त्याचं तोंड सावकाश, स्वच्छ पुसलं.

"तू पडलास तर विधवा मी होणारच आहे, ऑब्री," ती म्हणाली. "त्याआधी बायको तेवढी होऊ दे."