पहिल्यासारखे

सायकलवरून पडून नत्थूजींच्या डोक्याला मार लागला, तेव्हापासून त्यांचं वागणं बदललं. संशोधनासाठी त्यांना कामठीहून नागपूरला, विद्यापीठात बोलावलं. मेंदूचे डॉक्टर म्हणाले, दोष मेंदूत आहे. मानसशास्त्राचे प्राध्यापक म्हणाले, छे, मनानं धास्ती घेतली आहे. नत्थूजींची बायको कौतिका गोंधळून दोघांच्या तोंडाकडे पाहत होती.

शेवटी डॉक्टरांनी तिलाच विचारलं, "बाई, नेमका फरक काय पडला?"

"पहिले भाजीत मीठ कमी झालं का ताट फेकून मारत. आता रोज विचारून राहिले, तू जेवली काय वं?"

"घाबरू नका. या गोळ्यांनी ते अगदी पहिल्यासारखे होतील." यावर मात्र दोघांचं एकमत होतं.

कौतिका पुडी घेऊन निघाली, आणि दारातून परत आली.

"गोळ्या रोज द्याच लागते काय जी?"