पेलाभर इथेनॉल

उमरावांची जीप गल्लीत वळलेली दिसली, तशी भूमिकानं काडी ओढली आणि पातेल्यात टाकली. पातेल्यात पेलाभर इथेनॉल होतं. ते पेटलं. पण मे महिन्याच्या भर दुपारी, चुन्याच्या पांढऱ्या भिंतीसमोर, पेटलेलं काहीच दिसत नव्हतं. पेलाभर जळायला सात मिनिटं लागतात. परवापासून तिनं तीनदा घड्याळ लावून पाहिलं होतं.

पातेलं गॅरेजच्या अंगणातल्या ओट्यावर होतं. त्याच्या दोन्ही बाजूंना ऑइलचे रिकामे ड्रम. पलीकडे, भिंतीशी, गाडीची किल्ली. ती घ्यायची तर हात पातेल्यावरूनच न्यावा लागणार होता.

जीपमधून आधी भूपेंद्र उतरला, मग त्याचे वडील, उमराव.

गाडी अंगणातच उभी होती. लाल, दोन दारांची, जमिनीला टेकल्यासारखी बसकी. उमरावांच्या राइस मिलशेजारी कनकीपासून, म्हणजे तुटक्या तांदळापासून, इथेनॉल काढायचा कारखाना उभा राहिला होता, आणि उद्घाटनाच्या दिवशी भूपेंद्र त्याच इथेनॉलवर ही गाडी पळवणार होता. त्यासाठी गाडीत बदल करायचं काम भूमिकाच्या बाबांनी, शालीकराम मिस्त्रींनी, हाती घेतलं होतं. ते अर्ध्यावर असताना याच गाडीपाशी भाजून ते गेले. बाबांनी धरलेलं काम अर्धं राहायला नको, असा निरोप भूमिकानंच धाडला होता.

"क्या बात है ताई!" भूपेंद्रनं गाडीभोवती एक चक्कर मारली. "मले वाटलं, तू दारात बी उभं नाही करणार."

"काम कामाच्या जागी, भूपेंद्रभाऊ." तिनं बॉनेट उचललं. "इंजेक्टर मोठे टाकले, इथेनॉल पेट्रोलपेक्षा जास्त लागते. पंप नवा आहे. ट्यूनिंग पहिल्यापासून केली. आन् हे पाइप." तिनं पोलादी जाळीच्या पाइपवर बोट ठेवलं. "या खेपेला रबरी नाही. इथेनॉलात रबर फुगते, मंग फाटते. बाबानं तुमाले सांगितलं होतं. तुमीच म्हटलं, राहू द्या जुनाच, चालते."

"जुनं कायले काढून राहिली आता? जाऊ दे ना."

उमराव शेडच्या सावलीत उभे होते. शालीकरामची आणि त्यांची ओळख चाळीस वर्षांची. तेरवीला येऊन ते एवढंच म्हणाले होते, "शालीक दारू पेत होता, हे मले मालूम नव्हतं वो." ते त्यांना भूपेंद्रनं सांगितलं होतं. ठाण्यातही त्यानं तेच लिहून दिलं होतं. कमरेएवढ्या लपटा उठत होत्या, मी ओरडलो, पण मिस्त्री नशेत होते, त्यांनी सरळ आगीत हात घातला.

शालीकराम दोन दिवस दवाखान्यात होते. त्या दोन दिवसांत ते एकच वाक्य बोलले. "दिसलीच नाही वो माय."

"किल्ली कुठं आहे?" भूपेंद्रनं विचारलं.

"ओट्यावर."

तो ओट्याशी गेला. त्यानं हात पुढे केला.

"थांबा," भूमिका मोठ्यानं म्हणाली. "आग आहे."

तो थबकला. त्यानं पातेल्यात पाहिलं, ड्रमांमागे पाहिलं, वाकून ओट्याखालीही पाहिलं. मग हसला.

"मजाक करून राहिली का? कुठं आहे आग? मले तं काही दिसून नाही राहिलं. बाबूजी, तुमाले दिसते का?"

"नीट पाहा," भूमिका म्हणाली. "एक डाव तं पाहिली आहे ना तुमी. कमरेएवढी."

त्याचं हसू तोंडावर तसंच राहिलं. हात खाली आला.

उमराव सावलीतून बाहेर आले. ओट्यासमोर उभे राहिले. मग त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि त्याचं टोक पातेल्यावर धरलं. टोक काळं पडलं, आणि रिकाम्या हवेत त्याला एकाएकी पिवळा जाळ लागला. त्यांनी दुपट्टा जमिनीवर टाकला, चपलेनं विझवला. विझल्यावर त्यांनी भूपेंद्रकडे पाहिलं.

"तुले दिसली होती म्हणे," ते म्हणाले.

"बाबूजी, तवा वेगळं होतं. तवा टाकीत थोडं पेट्रोल बी..."

"आता मले दिसली नाही. तुले दिसली नाही. मंग शालीकलेच काऊन दिसाची होती?"

भूपेंद्र भूमिकाकडे वळला. ती बॉनेट लावत होती. हलक्या हातानं, आवाज न करता, बाबा लावायचे तसं.

"बाबूजी, ऐका तं..."

"किल्ली घे."

"घेतो ना. पण..."

"घे म्हटलं."

भूपेंद्र पुन्हा ओट्यासमोर आला. त्यानं मान वाकडी करून या बाजूनं पाहिलं, मग त्या बाजूनं. कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरला, तो त्यानं बाहीनं पुसला. हात उचलला. पातेल्याजवळ नेला आणि मागे घेतला.

"विझली का आता?" त्यानं आधी वडिलांना विचारलं. मग भूमिकाला. "ताई, विझली का?"

"तिले कायले विचारतं?" उमराव म्हणाले. "हात घालून पाह."

भूमिकानं शेडमधल्या घड्याळाकडे पाहिलं. सात मिनिटं केव्हाच होऊन गेली होती. तिनं बाबांचं स्टूल ओढलं आणि त्यावर बसली.